घाई नसलेली गोळी

सकाळी आठ वाजता गिळलेली ॲम्लोडिपिनची गोळी रक्तात शिगेला पोचते ती दुपारी दोन ते रात्री आठच्या दरम्यान कधीतरी. चहाबरोबर गोळी घेऊन नऊच्या ठोक्याला दंडाला पट्टा गुंडाळून बसणाऱ्या माणसाला यंत्रावर जो आकडा दिसतो, तो आजच्या गोळीचा नसतोच. तो कालच्या, परवाच्या आणि त्याआधीच्या गोळ्यांचा असतो. तरीही घरोघरी हे चालते. आकडा मनासारखा आला नाही की आणखी अर्धी गोळी तोंडात जाते, आणि फारच चांगला आला की उद्याची गोळी डबीतच राहते.

भारतात रक्तदाबासाठी लिहून दिल्या जाणाऱ्या औषधांत ॲम्लोडिपिन अगदी पुढच्या रांगेत आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे, जनऔषधी केंद्रात ते स्वस्तात मिळते आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट. औषध तसे सरळ आहे. त्याच्याबाबत होणाऱ्या चुका मात्र पाहत गेले, तर बहुतेकींच्या मुळाशी एकच गोष्ट सापडते: ही गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी वागेल, ही समजूत. ती तशी वागत नाही, आणि वागू नये म्हणूनच ती तशी घडवलेली आहे.

त्यामागची कथा लंडनच्या नळाच्या पाण्यापासून सुरू होते. युनिव्हर्सिटी कॉलेजमधले डॉक्टर सिडनी रिंगर बेडकाची हृदये मिठाच्या पाण्यात ठेवून ती किती वेळ धडधडतात ते पाहत होते. ती छान धडधडत राहिली, आणि रिंगर यांनी तसे छापूनही टाकले. पुढे कळले, की प्रयोगाचे द्रावण ऊर्ध्वपातित पाण्यात नव्हे, तर चक्क नळाच्या पाण्यात केलेले होते. शुद्ध पाणी वापरून प्रयोग पुन्हा केला तेव्हा हृदये थोड्याच वेळात थंडावली. लंडनच्या कठीण पाण्यात असलेले आणि शुद्ध पाण्यात नसलेले ते काहीतरी म्हणजे कॅल्शियम. 1883 साली रिंगर यांनी आपली चूक दुरुस्त करणारा निबंध प्रसिद्ध केला. स्नायू आकुंचन पावायला कॅल्शियम लागते, हे शास्त्राला अशा रीतीने समजले.

हे कोडे उलट बाजूने सोडवायला मात्र ऐंशीएक वर्षे गेली. कॅल्शियमने स्नायू आवळतो, तर कॅल्शियम आत शिरताना अडवले की तो सैल पडेल. 1960च्या दशकात जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे अल्ब्रेख्ट फ्लेकेनश्टाइन यांनी नेमके हेच करणारी औषधे ओळखली. रक्तवाहिनीच्या भिंतीत गोलाकार स्नायू असतात. त्यांच्या पेशींत कॅल्शियम कमी शिरले, की भिंत सैलावते, वाहिनी रुंदावते आणि आतला दाब उतरतो. इथे एक गैरसमज लगेच पुसून टाकायला हवा. या औषधांचा हाडांतल्या कॅल्शियमशी संबंध नाही. बीपीची गोळी कॅल्शियम अडवते म्हणून दूध सोडण्याचे किंवा जास्त पिण्याचे काही कारण नाही.

या घराण्यातले एक गाजलेले नाव निफेडिपिन. बायर कंपनीने ते 1975 साली जर्मनीत बाजारात आणले. ते झटपट काम करायचे, आणि तिथेच घात झाला. दाब खूप वाढलेला रुग्ण आला की निफेडिपिनची कॅप्सूल सुईने टोचायची आणि आतला द्रव जिभेखाली पिळायचा, हा रिवाज जगभरच्या दवाखान्यांत पडला. पंधरा-वीस मिनिटांत आकडा धाडकन खाली. रुग्ण खूश, नातेवाईक खूश. पण वर्षानुवर्षे चढ्या दाबाची सवय झालेल्या मेंदूला आणि हृदयाला तो अचानक मिळेनासा झाला, की रक्तपुरवठाच तुटायचा. आकडा सुधारलेल्या माणसाला पक्षाघात झाल्याच्या, हृदयविकाराचा झटका आल्याच्या नोंदी साचत गेल्या. 1996 साली ‘जामा’ या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एहुद ग्रॉसमन, फ्रान्झ मेसर्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही प्रथा थांबवा, असे स्पष्ट लिहिले. त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. जिभेखालून ते औषध फारसे शोषलेच जात नाही. लाळेबरोबर पोटात जाते आणि तिथून काम करते. म्हणजे सुई, कॅप्सूल आणि जीभ हा सगळा थाटच फुकाचा होता!

त्याच्या आदल्याच वर्षी, 1995मध्ये, ब्रूस साटी यांच्या अभ्यासाने खळबळ उडवली होती. अल्पकाळ टिकणारी कॅल्शियमरोधक औषधे घेणाऱ्यांत हृदयविकाराचे झटके जास्त दिसत होते. संशय सगळ्या घराण्यावरच आला, आणि त्यात ॲम्लोडिपिनही सापडले.

ॲम्लोडिपिन तयार झाले ते इंग्लंडमध्ये केंट परगण्यातल्या सँडविच या गावी, फायझरच्या प्रयोगशाळेत. रसायनशास्त्रज्ञांना तिथे मुद्दाम सावकाश चढणारे आणि सावकाश उतरणारे औषध हवे होते. ते मिळाले, पण गोळी बनवताना वेगळेच विघ्न आले. मॅलिएट नावाच्या क्षाराच्या रूपात हे औषध गोळ्या पाडणाऱ्या यंत्राला चिकटून बसे. बेसिलेट हा क्षार वापरल्यावर ते सुटसुटीत झाले. आज वेष्टनावर ‘ॲम्लोडिपिन बेसिलेट’ असे छापलेले असते ते त्या चिकटपणामुळे. अमेरिकेत 1992 साली औषधाला परवानगी मिळाली. संशयाचे उत्तर आले ते 2002मध्ये. ‘ऑलहॅट’ या चाचणीत 33,357 रुग्णांवर तीन औषधांची तुलना झाली: क्लोरथॅलिडोन हे लघवी वाढवणारे जुने औषध, लिसिनोप्रिल आणि ॲम्लोडिपिन. हृदयविकाराच्या झटक्यांबाबत तिघांत फरक आढळला नाही. हृदय दुबळे पडण्याचे प्रमाण मात्र ॲम्लोडिपिन घेणाऱ्यांत क्लोरथॅलिडोनपेक्षा जास्त होते, आणि हृदयाची ताकद आधीच कमी असलेल्या रुग्णाला ते देताना डॉक्टर आजही विचार करतात. पण ‘कॅल्शियमवाल्या गोळीने झटका येतो’ ही भीती निदान या संथ भावंडापुरती निराधार ठरली.

हा संथपणा आकड्यांत असा दिसतो: रक्तातले ॲम्लोडिपिन निम्मे व्हायला 30 ते 50 तास लागतात, वयस्कर माणसांत आणखी जास्त. म्हणून चोवीस तासांनी दुसरी गोळी पोटात जाते तेव्हा पहिलीचा अर्ध्याहून मोठा वाटा अजून शिल्लक असतो. गोळ्या अशा एकीवर एक साठत सात-आठ दिवसांनी पातळी स्थिर होते. डॉक्टर नवीन गोळी सुरू करून ‘दोन आठवड्यांनी या’ म्हणतात, ते यामुळे. चौथ्या दिवशी ‘या गोळीने काही फरक नाही’ असा निकाल देणे म्हणजे कुकरची शिटी व्हायच्या आत झाकण उघडून भात कच्चा म्हणणे.

एखाद्या दिवशी गोळी राहिली तरी आभाळ कोसळत नाही, तेही याच कारणाने. त्याच दिवशी आठवले तर घ्यावी. बारा तासांहून जास्त उशीर झाला असेल, तर ती सोडून द्यावी आणि दुसऱ्या दिवशीची नेहमीच्या वेळी घ्यावी. दोन एकदम घेऊ नयेत. कालची अजून रक्तात आहे हे लक्षात घेतले, की भरपाईची गरज नाही हे आपोआप पटते.

याच गुणाची दुसरी बाजू जास्त फसवी आहे. गोळी बंद केली तरी तीन-चार दिवस आकडा चांगलाच राहतो. ‘बघा, गोळीशिवायही नॉर्मल आहे’ हे वाक्य त्या दिवसांतले. दाब परत चढतो तो हळूहळू, आठ-दहा दिवसांत, आणि चढताना काही सांगत नाही. ॲम्लोडिपिन अचानक थांबवल्याने दाब उसळी मारत नाही, हे खरे. पण ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल किंवा क्लोनिडिन या गोळ्या तशा सोडणे धोक्याचे आहे. त्या एकाएकी बंद झाल्या तर नाडी आणि दाब दोन्ही उसळतात, आणि हृदयविकार असलेल्या माणसाच्या जिवावर बेतू शकते. शेजाऱ्याने गोळी सोडली नि त्याला काही झाले नाही, याला म्हणूनच काही अर्थ नाही. शेजाऱ्याची गोळी कोणती होती हे कोणी विचारलेले नसते.

सकाळी घ्यावी की रात्री? यावर बरीच वर्षे वाद झाला. ब्रिटनमध्ये ‘टाइम’ नावाच्या चाचणीत 21,104 जणांना पाच वर्षांहून अधिक काळ दोन गटांत विभागून पाहिले: काही सकाळी गोळ्या घेत, काही संध्याकाळी. 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष आला, की झटके, पक्षाघात आणि त्यामुळे होणारे मृत्यू यांत वेळेने फरक पडत नाही. रोजची एखादी न चुकणारी गोष्ट, दात घासणे किंवा देवासमोर दिवा लावणे, तिला गोळी बांधून टाकली की झाले.

जेवणाशीही तिचे वाकडे नाही. रिकाम्या पोटी घेतली काय, पोळीभाजीनंतर घेतली काय, शोषण तेवढेच. एकादशीला, संकष्टीला, नवरात्रात ‘आज उपवास, गोळी उद्या’ असे करण्याचे औषधशास्त्रात कारण नाही. घोटभर पाणी पुरते. उपवासाला सैंधव चालते म्हणून साबुदाण्यात ते सढळ हाताने घालणाऱ्यांना मात्र सांगायला हवे, की सैंधवही मुख्यतः सोडियम क्लोराइडच. दाबाच्या लेखी दोन्ही मिठे सारखीच.

खरी कसोटी लागते ती रात्री साडेदहाला, यंत्रावर 190 दिसतो तेव्हा. घर जागे होते. कोणी लिंबूपाणी आणते, कोणी जादा गोळी पुढे करते. छातीत दुखत असेल, धाप लागली असेल, बोलणे अडखळत असेल, तोंड वाकडे झाले असेल, एका बाजूचा हात-पाय लुळा पडला असेल, नजर अंधुक झाली असेल, तर आकडा पुन्हा मोजत बसू नये. सरळ रुग्णालय गाठावे. यांतले काहीच नसेल तर आधी मोजणे तरी धड झाले का, ते पाहावे. लघवी करून यावे. खुर्चीत पाठ टेकून, दोन्ही पावले जमिनीवर ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटे गप्प बसावे. हात टेबलावर हृदयाच्या उंचीला ठेवावा, पट्टा उघड्या दंडावर बांधावा. आधीच्या अर्ध्या तासात चहा, तंबाखू नको. मोजताना बोलू नये, आणि बाजूच्यांनीही ‘किती आला?’ विचारू नये. मिनिटभराने दुसऱ्यांदा मोजावे. पुष्कळदा 190चा 160 झालेला दिसतो. तरीही तो चढाच राहिला, तर डॉक्टरांना फोन करावा. जादा गोळी मात्र घेऊ नये: ती काम करणार पहाटे, सगळे झोपेत असताना, आणि म्हातारा माणूस लघवीला उठेल त्या वेळी डोळ्यांपुढे अंधारी आणणार. जिभेखालच्या कॅप्सूलचा इतिहास इथेही विसरू नये.

आता पायांच्या सुजेबद्दल. या औषधाबद्दलची सर्वांत मोठी तक्रार तीच, आणि तिची कहाणी तपशिलाने सांगण्यासारखी आहे.

संध्याकाळपर्यंत घोटे भरून येतात, चपलेचा पट्टा रुततो, नडगीवर अंगठा दाबला की खड्डा पडतो. औषधाच्या अधिकृत माहितीपत्रकातले आकडे सांगतात, की बनावट गोळी घेणाऱ्यांत अशी सूज 0.6 टक्के लोकांना आली, 5 मिलिग्रॅम घेणाऱ्यांत 3 टक्के आणि 10 मिलिग्रॅमवर 10.8 टक्के. स्त्रियांत ती पुरुषांच्या दुपटीहून अधिक आढळली. डोस दुप्पट केला की सूज तिपटीहून वाढते, हे ध्यानात ठेवण्यासारखे. दाब मात्र त्या मानाने थोडाच उतरतो. 2009 साली बेचाळीस चाचण्यांचा एकत्रित हिशेब मांडला गेला. त्यात दिसले, की एकाच औषधाचा डोस दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या गटातले औषध जोडणे सुमारे पाचपट परिणामकारक ठरते. ‘एक गोळी पुरत होती, आता दोन दिल्या’ म्हणून डॉक्टरांवर नाराज होणाऱ्यांनी हा हिशेब पाहावा.

ही सूज अंगात पाणी साचल्याची नसते, हे त्यातले मर्म. ॲम्लोडिपिन धमन्या सैल करते, पण शिरा तितक्या सैल करत नाही. येणारा रस्ता रुंद आणि जाणारा तेवढाच, म्हणजे मधल्या केशवाहिन्यांत गर्दी. तिथून द्रव आजूबाजूला पाझरतो आणि दिवसभर उभ्या-बसल्या माणसाच्या पायांत उतरतो. लघवी वाढवणाऱ्या गोळीने म्हणूनच ही सूज फारशी हटत नाही. तरी घडते नेमके तेच: पाय सुजले म्हणून ‘पाण्याची गोळी’ सुरू होते. तिच्यामुळे रात्री लघवीला उठावे लागते, रक्तातले पोटॅशियम घसरते, कुणाचे युरिक ॲसिड वाढून अंगठा ठणकतो. मग त्यासाठी तिसरी गोळी. कॅनडातल्या ओंटारिओ प्रांतात वृद्धांच्या औषधनोंदी तपासणाऱ्या संशोधकांना 2020 साली ही साखळी प्रत्यक्ष सापडली. कॅल्शियमरोधक गोळी सुरू झालेल्यांना पुढे लघवीची गोळी मिळण्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त होते.

उपाय वेगळे आहेत. डॉक्टर डोस खाली आणतात, किंवा टेल्मिसार्टन, रॅमिप्रिल यांच्यासारखे औषध जोडतात. ही औषधे शिराही सैल करतात, त्यामुळे जाण्याचा रस्ताही रुंदावतो. ॲम्लोडिपिनच्या जागी सिल्निडिपिन दिले जाते, तेही याच कारणाने. रुग्णाने करायचे ते एवढेच: गोळी स्वतःहून न सोडता सूज डॉक्टरांना दाखवायची. काही सुजा मात्र या गोष्टीतल्या नसतात. एकाच पायाची दुखरी, गरम सूज रक्ताच्या गुठळीची असू शकते. आडवे झाल्यावर धाप लागत असेल तर हृदयाची तपासणी हवी. आणि ओठ किंवा जीभ सुजली तर वाट पाहण्याचा प्रश्नच नाही.

हिरड्यांचेही एक सांगायला हवे, कारण ते सहसा कोणाच्या लक्षात येत नाही. काहींच्या हिरड्या या औषधाने वाढून दातांवर चढतात. दातांच्या डॉक्टरकडे गेल्यावर बीपीच्या गोळीचे नाव सांगायला हवे ते म्हणून.

नावाचीच तर पंचाईत आहे. भारतात हे एकच औषध असंख्य नावांनी विकले जाते. हृदयाच्या डॉक्टरांनी छातीतल्या कळेसाठी दिलेली गोळी आणि घराजवळच्या डॉक्टरांनी दाबासाठी दिलेली गोळी, दोन वेगळ्या रंगांच्या पट्ट्या, आणि दोन्हींत ॲम्लोडिपिन, असे होऊ शकते. ठळक अक्षरांतले नाव कंपनीचे. औषधाचे नाव त्याखाली बारीक अक्षरांत असते, ते वाचावे, किंवा नातवाकडून वाचून घ्यावे. नावामागच्या शेपट्यांतही अर्थ असतो. ‘एटी’ म्हणजे बहुधा सोबत ॲटेनोलॉल आहे. मग ती गोळी एकाएकी सोडायची नाही आणि दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगायचे. ‘एएम’ दिसले तर टेल्मिसार्टनसारख्या गोळीत ॲम्लोडिपिन आधीच मिसळलेले आहे, वेगळी गोळी कशासाठी, हे विचारायचे.

आणखी एक फसगत खास आपल्याकडची. ॲम्लोडिपिनचा रेणू डाव्या आणि उजव्या हातासारखा दोन रूपांत असतो, आणि दाब उतरवण्याचे काम त्यातले एकच, ‘एस’ रूप करते. तेवढेच वेगळे काढलेली एस-ॲम्लोडिपिनची गोळी भारतात बरीच खपते. पुण्याच्या एमक्युअर कंपनीचे असोमेक्स हे त्यातले ओळखीचे नाव. या गोळीचे 2.5 मिलिग्रॅम म्हणजे साध्या ॲम्लोडिपिनचे 5. मेडिकलमध्ये ‘तीच नाही, पण 2.5चीच दुसऱ्या कंपनीची देतो’ म्हटल्यावर मान डोलावली, तर डोस गुपचूप निम्मा होतो. उलट बदलात दुप्पट.

दहाच्या पट्टीतून चार गोळ्या कापून मागण्याची सवयही तपासून पाहावी. मुदत संपण्याची तारीख पट्टीच्या एका टोकाला छापलेली असते, आणि ते टोक दुकानातच राहते.

बाकीच्या औषधांशी ॲम्लोडिपिन बऱ्यापैकी गुण्यागोविंदाने नांदते. क्लॅरिथ्रोमायसिन हे प्रतिजैविक त्याची रक्तातली पातळी वाढवते, त्यामुळे दाब फार उतरू शकतो. सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी तिचा डोस 20 मिलिग्रॅमच्या वर जाऊ देऊ नये. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेल्या डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्या दाब वाढवतात. सोबत टेल्मिसार्टन आणि लघवीची गोळीही चालू असेल, तर त्या तिघी मिळून मूत्रपिंडाला घायकुतीला आणतात. सर्दीच्या गोळीतले फिनाइलएफ्रिनही रक्तवाहिन्या आवळते.

फळांचा प्रश्न गमतीने निघाला. कॅनडातल्याही एका लंडन शहरात डेव्हिड बेली फेलोडिपिन या ॲम्लोडिपिनच्या भावंडावर दारूचा काय परिणाम होतो, ते पाहत होते. दारूची चव लपवायला त्यांनी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, आणि औषधाची पातळी अवाच्या सवा वाढली ती दारूने नव्हे, त्या रसाने! दोन्ही लंडनांत शोध लागला तो भलत्याच पातळ पदार्थामुळे. ॲम्लोडिपिनवर त्या रसाचा परिणाम नगण्य आहे. ग्रेपफ्रूटचे नातलग असलेले पपनस गणपतीत खाणाऱ्यांनी आपली गोळी फेलोडिपिन किंवा निफेडिपिन नाही ना, एवढे पाहून घ्यावे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार भारतात पंधरा वर्षांवरच्या 24 टक्के पुरुषांना आणि 21 टक्के स्त्रियांना उच्च रक्तदाब आहे. एवढ्या लोकांना तज्ज्ञ डॉक्टर पुरणार नाहीत, हे ओळखून नोव्हेंबर 2017मध्ये भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू झाला. पहिल्या पाच राज्यांत महाराष्ट्र होता, आणि त्यातले जिल्हे सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा आणि भंडारा. उपक्रमाची रीत साधी आहे. कुठल्या पायरीवर कोणती गोळी, किती मिलिग्रॅम, हे कागदावर ठरलेले, आणि बऱ्याच राज्यांत त्यातली पहिली पायरी 5 मिलिग्रॅम ॲम्लोडिपिन. दाब मोजायचा, कार्डावर लिहायचा, महिन्याभराच्या गोळ्या हातात ठेवायच्या. पुढच्या महिन्यात आकडा 140/90च्या खाली नसेल तर पुढची पायरी. शक्य तिथे हे काम तालुक्याच्या रुग्णालयातून गावाजवळच्या उपकेंद्रात आणायचे, म्हणजे गोळ्या संपल्या म्हणून एसटीचे भाडे आणि दिवसाची मजुरी बुडवावी लागत नाही. महिन्याची तारीख उलटूनही कोणी आले नाही, तर त्याला फोन जातो. गोळीचा परिणाम उतरायला आठ-दहा दिवस लागतात; तेवढ्यात तो माणूस सापडला, की कार्डावरचा आकडा बहुतेक जागेवरच असतो.